मामा हलणार नाही

दत्तप्रसाद माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. त्याचा बाप गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बहिणीनं त्याला माझ्याकडे आणून सोडलं आणि पुढची आठ वर्षं तो माझ्यासोबत मेंढरांमागे फिरला. आता तो हिंगोलीत बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. अवकाशातल्या लढाईचा खेळ मला त्यानंच शिकवला. त्या खेळात त्यानं माझं काय केलं, ते मला सांगायचं आहे. खेळच तर होता, असं तो म्हणतो. मला अजून तसं म्हणता आलेलं नाही.

गुडघे गेल्यावर मी मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली आणि पुसेगावात घरी बसलो. आयुष्यभर चाललेला माणूस बसला की घरच्यांना जड होतो. माझी बायको कौशल्याबाई दिवसातून चार वेळा म्हणायची, "जरा पारावर तरी जाऊन या. माझ्या भाकरीवर पहारा कशाला देता?" तशात एक दिवस दत्ता आला, माझ्या फोनवर तो खेळ टाकला आणि म्हणाला, "मामा, हे बी माळरानच हाय, फकस्त वरचं. आन् हितं गुडघे लागत न्हाईत."

खेळ तसा सोपा. प्रत्येकाचं एक जहाज असतं. आकाशात खडकांचे पट्टे असतात, तिथं जाऊन धातू खणायचा आणि त्यातून आपलं जहाज मोठं करत जायचं. एका आकाशातून दुसऱ्या आकाशात जायला दरवाजे असतात, त्यांना सगळे गेट म्हणतात. जहाज फुटलं की ते कायमचं गेलं. पुन्हा पहिल्यापासून खणायचं. नव्या माणसाला एक बरं जहाज बांधायला तीन महिने लागतात. आणि खेळताना फोनवरून सगळ्यांशी बोलता येतं, हे मला त्यातलं सगळ्यात आवडलं.

दत्ताचा चाळीस जणांचा गट होता. हिंगोली, वाशीम, नांदेड, असे कुठले कुठले लोक. लढाईत शब्द एकट्या दत्ताचा चाले. मला लढाईत फार गती नव्हती. पण गटात कोणी नवीन आलं की ते माझ्याकडे येऊ लागलं. नव्या माणसाला काही सुचत नाही, तो खडकाला धडकतो, वाट चुकतो, आणि जुने लोक त्याच्यावर हसतात. मी हसत नसे. मी त्यांना खणायला घेऊन जाई आणि परत आणी. गेटमधून आत सोडताना एकेक जहाज मोजून सोडी आणि सगळ्यात शेवटी आपण जाई. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना जे करत होतो तेच. आमच्यात कळप पुढं आणि एक मागं, असं कधी होत नाही. वाटेत एक मेंढी बसली की सगळा कळप बसवायचा. ती उठली की सगळ्यांनी उठायचं.

त्या वेळी माझ्याकडे सहा नवे लोक होते. कळमनुरीचा सोमेश्वर, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गेट आलं की तो म्हणायचा, "सरका पुढं, पुढं जागा हाय." सेनगावची रागिणी, कॉलेजात शिकणारी, बोलायची कमी आणि जहाज जपून चालवायची. दोन शिक्षक, एक पिठाच्या गिरणीवाला आणि वसमतची एक सून, तिनं आपलं नाव कधी सांगितलं नाही. ती खेळत असताना मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. यांपैकी कोणालाही मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तरी पहिल्याच दिवशी मी प्रत्येकाला सांगितलं होतं, "माझ्यासंग जो बाहेर पडंल, तो माझ्यासंगच माघारी येईल." लढाईला भिऊन दोघं-तिघं गट सोडणार होते. ते माझ्या या एका शब्दावर राहिले.

आमची निळ्या झेंड्याच्या एका गटाशी दुष्मनी होती. ते आमच्याहून भारी. एका शुक्रवारी दत्ताचा फोन आला.

"मामा, रविवारी दुपारी मोठी लढाई हाय. तुमी नव्या लोकांना घेऊन उत्तरेच्या गेटवर थांबा."

"ते कच्चे हायत अजून. कशाला आणू त्यांना?"

"म्हणून तर गेटवर. तिकडं कोणी फिरकत बी न्हाई. लांबून लढाई पाहतील, शिकतील. तुमचं काम एकच, माझा निरोप येईपर्यंत हलायचं न्हाई."

"आन् निळे तिकडं आलेच तर?"

"मी हाय ना, मामा."

मी सहाही जणांना तसंच सांगितलं. गिरणीवाला म्हणाला, "ज्ञानबा काका, माझं जहाज परवाच झालंय पुरं. रंग बी वाळला न्हाई." मी म्हणालो, "तुला कोणी ओरखडा बी काढणार न्हाई. माझा भाचा हाय तिथं."

रविवारी तीनच्या सुमारास आम्ही सात जहाजं घेऊन उत्तरेच्या गेटवर उभे राहिलो. बाहेर ऊन तापलं होतं, मी ओसरीवर फोन भिंतीला टेकवून बसलो होतो. दहा-पंधरा मिनिटं काही झालं नाही. सोमेश्वर म्हणाला, "ही तर डेपोत लागलेली गाडी झाली. डायवर चहाला गेलेला दिसतो." वसमतची सून हसली. तेवढ्यात समोर निळे ठिपके दिसायला लागले. आधी चार. मग मोजता मोजता ते पंधरा झाले.

त्या खेळात गळासारखा एक आकडा असतो. शत्रूनं तो तुमच्या जहाजावर टाकला की तुम्हाला गेटमधून जाता येत नाही. पहिला आकडा सोमेश्वरला लागला.

"ज्ञानबाराव, माझी गाडी फेल झाली," तो म्हणाला. "पाशिंजर दुसऱ्या गाडीत बसवा." आवाज मस्करीचा होता, पण श्वास लागला होता.

रागिणी म्हणाली, "आबा, गेट मोकळं हाय. आमी बाकीचे निघू शकतो. निघू का?"

मी दत्ताला हाक मारली. "दत्ता, निळे हितं आले. सोमेश्वर अडकला. काय करू?"

"येऊन राहिलो, मामा," तो म्हणाला. "दोन मिनिटं. कोणाला हलू देऊ नका."

मी रागिणीला म्हणालो, "थांब. दत्ता येऊन राहिला. सोमेश्वरला सोडून न्हाई जायचं."

ती थांबली. सगळे थांबले. आम्हाला जेवढा मारा येत होता तेवढा आम्ही केला. बैलाला डास चावावा तसा तो होता. आधी सोमेश्वर गेला, मग गिरणीवाला. मी पुन्हा विचारलं आणि दत्ता पुन्हा म्हणाला, "आलोच. धरून ठेवा, मामा." तोवर बाकीच्यांनाही आकडे लागले होते. चौथं जहाज माझं फुटलं. फुटलं तरी आवाज ऐकू येतो. वसमतची सून म्हणत होती, "काका, कुठून येणार हायत ते? मी कुणीकडं तोंड करू?" रागिणीचं जहाज सगळ्यात शेवटी फुटलं. सगळं मिळून अकरा मिनिटं. मग फोनवर एकदम गलका झाला. आम्हाला वाटलं, आले. पण तो गलका लांबचा होता. दत्ताच्या मोठ्या जहाजांनी आकाशाच्या दुसऱ्या टोकाला निळ्यांचा तळ घेतला होता. तळावर राखायला कोणी नव्हतं, कारण निळे सगळे आमच्याकडे आले होते.

संध्याकाळी दत्ताचा फोन आला. "मामा, गडबड झाली. ते तिकडून येतील असं वाटलंच न्हवतं. मी निघालो व्हतो, पण मधे अडकलो."

मी विश्वास ठेवला. सहाही जणांना एकेक करून फोन केला आणि हेच सांगितलं, की दत्ता निघाला होता, मधे अडकला. गिरणीवाल्यानं ऐकून फोन ठेवला. सोमेश्वर म्हणाला, "चालायचंच. घाटात गाडी बंद पडती कधी कधी."

बुधवारी रागिणीचा फोन आला. ती शेवटपर्यंत टिकली म्हणून दत्तानं तिला गटाच्या म्होरक्यांच्या यादीत घेतलं होतं. म्होरक्यांचं आपसातलं लिहिणं आता तिलाही दिसत होतं, मागचंही.

"आबा, तुमी बसलेले हायत ना?" तिनं विचारलं.

"बसलेलाच असतो मी. बोल."

"शुक्रवारचं हाय. दत्ताभाऊंनी लिहिलंय. वाचू?"

तिनं वाचलं. ते मला पाठ झालं आहे. "नव्यांना उत्तरेच्या गेटवर ठेवतो. निळ्यांना खबर पोचवायची व्यवस्था झाली आहे. मामा हलणार नाही. एकाला जरी आकडा लागला तरी तो बाकीच्यांना निघू देणार नाही, त्याची ती सवयच आहे. आपल्याला दहा मिनिटं नक्की मिळतात." खाली कोणीतरी विचारलं होतं, की म्हाताऱ्याला सांगितलं आहे का. दत्तानं लिहिलं होतं, "सांगितलं तर तो नव्यांना आणणारच नाही."

मी रागिणीला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणालो, "ठीक हाय, बाई. ठेव." कौशल्याबाईनं विचारलं, कोणाचा फोन. मी म्हणालो, सेनगावचा.

गुरुवारी सकाळच्या बसनं मी हिंगोलीला गेलो. दत्ता दुकानात एका फोनचं पोट उघडून बसला होता. मला पाहून उठला, पाया पडला, स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगितला. तो लहानपणापासून तसाच, रीत कधी चुकला नाही.

"एवढ्या उन्हात काहून आलात, मामा? मला बोलवायचं."

"निळ्यांना खबर तू दिली?"

तो हातातला छोटा पेचकस खाली ठेवून म्हणाला, "रागिणीनं सांगितलं वाटतं. तिला यादीत घ्यायच्या आधी मागचं पुसायला पाहिजे व्हतं." मग हसला. "मामा, लढाईत असंच असतं. कोणाला तरी पुढं उभं करावं लागतं. ती कच्ची जहाजं, आज ना उद्या फुटणारच व्हती."

"मला सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर तुमी आणलं असतं त्यांना?"

"न्हाई."

"मग?"

चहा आला. मी तो पीत होतो आणि तो बोलत होता.

"आठवतं का तुमाला, कयाधूच्या काठाला ती बांडी मेंढी वाटेत व्याली व्हती? आभाळ भरून आलेलं, बाकीच्या मेंढक्यांचे वाडे पुढं गेले, आन् तुमी दीडशे मेंढरं तिथंच बसवली. मी रडून राहिलो व्हतो, मामा चला, मामा चला. तुमी हलला न्हाईत. सगळी रात्र भिजलो आपण."

"मेंढी वाचली."

"व्हय, वाचली. मला तेवढंच म्हणायचं हाय. तुमी हलत न्हाईत, हे मला तव्हापासून ठाऊक हाय. दुसरा कोणी असता तर पहिल्याच माराला पळाला असता. तुमच्यावाणी माणूस मला चाळीस जणांत न्हाई." त्यानं हे कौतुकानं सांगितलं. खरंच कौतुकानं. त्याच्या तोंडाकडे पाहून मला ते कळत होतं आणि म्हणूनच मला काही बोलता येईना. शिवी दिली असती तर मी उलट शिवी दिली असती.

"तू 'आलोच' म्हणाला," मी म्हणालो. "दोनदा."

"म्हणावं लागतं."

"मी त्या पोरीला थांबवलं. ती निघून गेली असती. तुझ्या शब्दावर थांबवलं मी तिला."

"मामा, खेळ हाय हा. कोणी मेलं का? तुमाला मी नवं जहाज देतो, आधीच्याहून मोठं. सगळ्यांना देतो हळूहळू." मग तो जवळ सरकला. "बरं, ऐका. तळ घेतल्याचं नाव झालं, म्हणून नवीन अकरा जण येऊन राहिलेत येत्या रविवारी. तुमीच घ्या त्यांना. तुमचा आवाज ऐकला की लोकांना धीर येतो. मला ते जमत न्हाई."

"त्यांना बी गेटवरच उभं करणार?"

"ते आत्ताच कसं सांगू?"

मी कप खाली ठेवला. चहा संपला होता. त्याच्या दुकानातला चहा मी पुरा प्यायलो, हे मला पुसेगावची बस पकडल्यावर मनाला लागलं.

घरी येऊन मी सहा जणांना पुन्हा फोन लावले. रविवारी मी जे सांगितलं होतं ते खोटं होतं, खरं असं असं आहे, हे सांगितलं. शिक्षकांनी ऐकून घेतलं. गिरणीवाल्यानं फोन उचलला नाही. वसमतच्या सुनेनं एवढंच विचारलं, "म्हणजे कोणीच येणार न्हवतं?" मी म्हणालो, न्हाई. ती म्हणाली, "मी तिकडंच पाहून राहिले व्हते, काका."

सोमेश्वर म्हणाला, "तुमचा भाचा ना?"

"व्हय."

"तुमच्या मांडीवर वाढलेला. आन् त्याच्या मनात काय हाय ते तुमाला ठाऊक न्हवतं."

"न्हवतं, सोमेश्वर."

"अठ्ठावीस वर्षं तिकिटं फाडली मी, ज्ञानबाराव. बिनतिकिटाचा माणूस बी पकडल्यावर हेच म्हणतो." तो चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो हळू बोलला. "तुमी म्हणाला व्हता, संग बाहेर पडंल तो संगच माघारी येईल. माझ्या बायकोला बी सांगितलं व्हतं मी ते. हसत व्हती ती. म्हणे, असा कोण भेटला तुमाला." त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

जहाजाचं मला काही नव्हतं. दत्ताला माझ्यातलं काय माहीत होतं, आणि त्यानं ते कुठं लावलं, हे मनातून जाईना. कसाबही मेंढरू घेताना पाठीवर हात फिरवून पाहतो, तसा त्यानं आठ वर्षं माझ्या पाठीवर हात फिरवला होता असं वाटायला लागलं. मग वाटे, नाही, पोरगं होतं ते, भिजत माझ्या घोंगडीत झोपलं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असेल, हे मला पटत नव्हतं.

रविवारी मी खेळात गेलो. दत्तानं दिलेलं नवं जहाज उभं होतं. अकरा नवे लोक जमले होते, आवाजावरून बहुतेक तरुण. कोणी खडकाला धडकत होतं, कोणी हसत होतं. दत्ता म्हणाला, "हे आमचे मामा. यांच्यासंग राहा, हे म्हणतील तसं करा. यांनी आजवर कोणाला मागं सोडलं न्हाई." त्याला वाटलं मी मानलं.

मी म्हणालो, "ऐका, लेकरांनो. गेल्या रविवारी सहा जण माझ्या शब्दावर गेटवर उभे व्हते. सहाच्या सहा फुटले. दत्तानं निळ्यांना आमच्यावर आणलं व्हतं. तुमाला बी तो गेटवर उभं करंल आन् 'आलोच' म्हणंल. तो येणार न्हाई."

मला पुढचं सांगायचं होतं, ते मी वाटेत बसमध्ये आणि घरी दोन दिवस मनात घोळवलं होतं, तरी तोंडातून निघेना.

"निळे दिसले की निघा," मी म्हणालो. "कोणाचं जहाज अडकलं तर त्याच्यासाठी थांबू नका. तो हाका मारंल. मारू द्या. मी बी थांबणार न्हाई."

हे बोलणारा आवाज माझा होता. सत्तर वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, ढोराला नाही की माणसाला नाही.

एका मुलीचा आवाज आला, अगदी नवखा. "मग काका, गटात यायचं तरी काहून?"

मी उत्तर देऊ लागलो, पण माझ्या पडद्यावर आवाजाच्या खुणेवर लाल रेघ आली. दत्तानं माझं बोलणं बंद केलं होतं. त्याचं मात्र ऐकू येत होतं. तो हसत सांगत होता, "मामा मजाक करून राहिले. गेल्या खेपेला हरले, म्हणून रुसलेत माझ्यावर. सवय हाय त्यांची. चला, उत्तरेच्या गेटवर चला." कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. एकेक जहाज वळलं आणि निघालं. ती मुलगी थोडा वेळ थांबली. मग तीही निघाली.

मी त्यांच्या मागं जाऊ शकलो असतो. गेटवर जाऊन उभा राहिलो असतो, तर बोलता आलं नसतं तरी त्यांना दिसलो असतो. पण मी गेलो की तेही अकरा मिनिटं उभे राहणार, मी आहे म्हणून उभे राहणार, हे मला कळत होतं. मी खेळ बंद केला.

तासाभरानं फोन वाजला. मी परसात होतो. कौशल्याबाईनं पडद्यावरचं नाव पाहिलं आणि हाक मारली, "अहो, भाचा हाय तुमचा."

"सांग, घरी न्हाई म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. दत्ताच्या लहानपणी ती त्याला स्वतःच्या ताटात जेवू घालायची. मग तिनं फोन कानाला लावला, माझ्याकडे पाहतच, आणि म्हणाली, "न्हाई रे बाबा, घरी न्हाईत ते. कुठं गेले ठाऊक न्हाई." आणि तो पलीकडून काय विचारत होता ते ऐकत उभी राहिली.